‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणतात, त्यानं होतं काय?

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला अंबाजोगाईला न्यावं लागतं. अतिवृष्टीत सोयाबीन उभं कुजलं. रविवारी चर्चमधली उपासना सुटली की सगळे ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. एका बहिणीनं तर ‘तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय’ असंही ऐकवलं. ताई विचारतात, देवाला सगळं ठाऊक आहे, मग तो माझं एकटीचं ऐकणार नाही का? दहा जणांनी तेच मागितल्यानं काय फरक पडतो? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: ‘दोन महिने झाले, मला प्रार्थनाच करता येत नाही.’

सलाम ताई. उत्तर लांबणार आहे, जमेल तेव्हा निवांत वाचा.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी जालन्याकडची. 1989 ते 2020 मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. आमच्या मंडळीतल्या महिला मंडळाची प्रार्थनेची वही 1998 पासून माझ्याकडे आहे. वही म्हणजे किराणावाले उधारी लिहितात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. आता सहावी चालू आहे. पानावर चार रकाने: तारीख, कुणासाठी, काय मागितलं, पुढं काय झालं. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे लिहितेय ते वॉर्डातलं आणि या वहीतलं आहे.

तुम्ही प्रश्न विचारलाय ‘दहा जणांनी मागितल्यानं काय होतं’ असा. पण माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. तुमचं स्वतःचं तोंड मिटलंय, आणि ज्यांनी तुमच्या वतीनं तोंड उघडायचं ते एक वाक्य बोलून रिक्षात बसतात. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. अशा वेळी मोजणीचा प्रश्न सुचतो, कारण तो विचारायला सोपा असतो. मोजणीचं उत्तर एका ओळीत आहे: देव मतदान घेत नाही. एकाची ऐकतो, दहांचीही ऐकतो, आणि दहा झाले म्हणून त्याचा हात पिरगळला जात नाही. मग एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलीच कशाला? इथं मला थोडं रेंगाळायचंय.

मार्काच्या शुभवर्तमानातली कफर्णहूमची गोष्ट तुम्ही संडे स्कूलपासून ऐकलीय. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, दारात गर्दी, म्हणून छपरावर चढून ते उकरतात आणि खाट खाली सोडतात. शहरातल्या लोकांना ही गोष्ट चित्रातली वाटते. आपल्याकडच्या माणसाला वाटू नये, कारण ते छप्पर म्हणजे आपलं माळवदच होतं. लाकडं, वर काटक्या, वर मातीचा थर. माळवद उकरायचं म्हणजे आधी खालच्यांच्या डोक्यावर माती पडणार, ढेकळं पडणार, घरमालक शिव्या घालणार. चौघांनी ते सगळं अंगावर घेतलं. आणि शास्त्रात पुढं काय लिहिलंय? येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. आजाऱ्याचा किती होता, होता की नव्हता, याबद्दल तिथं एक शब्द नाही. तो बिचारा खाटेवर पडून होता. त्या दिवशी त्याच्या वाटचं चालणं चौघांनी केलं आणि त्याच्या वाटचा विश्वासही.

तर त्या बहिणीनं तुम्हाला जे ऐकवलं, त्याचं उत्तर हे. तुमचा विश्वास कमी पडत असेल तर तो भरून काढायचं काम तिचं होतं. तिनं खाट उचलायची सोडून खाटेवरच्या माणसालाच विचारलं, का रे बाबा, तू का चालत नाहीस?

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. प्रेषितांच्या कृत्यांत, बाराव्या अध्यायात, पेत्र तुरुंगात असतो आणि मंडळी एका घरात जमून त्याच्यासाठी आग्रहानं प्रार्थना करत असते. पेत्र सुटतो, येऊन दार वाजवतो, दासी आनंदानं आत धावत सांगते, आणि आतले प्रार्थना करणारे सगळे तिलाच वेड्यात काढतात! ज्यासाठी गुडघे टेकले होते ते दारात उभं, आणि यांचा विश्वास बसेना. तरी पेत्र बाहेरच होता, दार ठोकत. विश्वासाचं माप काढणाऱ्यांनी हा अध्याय अधूनमधून वाचावा.

आता एकटीचं देव ऐकत नाही का, याबद्दल. ऐकतो. पण गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. प्रभू येशूला पित्याशी बोलायला कुणाची मध्यस्थी लागत नव्हती. तरी त्यानं पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं, माझा जीव मरणप्राय झालाय म्हणून उघड सांगितलं, इथं थांबा आणि जागे राहा म्हणाला. ते तिघं झोपले. परत आला तर झोपलेले, पुन्हा आला तर पुन्हा झोपलेले. दुःखाचा प्याला टळावा असं त्यानं मागितलं होतं; तो टळला नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. मला या प्रसंगातून इतकंच दिसतं की संकटात सोबत मागणं हा विश्वासातला कमकुवतपणा नाही, त्यानंही मागितली. आणि तुमच्या मंडळीचे लोक रिक्षात बसून घरी गेले, तर अशी मंडळी तुम्हाला पहिल्यांदा भेटलेली नाही.

नर्स म्हणून एक गोष्ट मला लपवायची नाही. प्रार्थनेनं रोगी बरे होतात का, याची मोजदाद झालेली आहे. त्यातली एक मोठी अमेरिकेत, हर्बर्ट बेन्सन यांच्या गटानं केली, 2006 साली छापून आली. सहा रुग्णालयांतले हृदयाच्या बायपासचे 1802 रुग्ण, तीन गट. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण त्यांना पक्कं सांगितलं नव्हतं, त्यांच्यात 52 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात 51 टक्क्यांना. आणि ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्क्यांना! दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी मला हे मुद्दाम दाखवलं होतं. त्यांना वाटलं मी चिडेन.

मी चिडले नाही, कारण दोन गोष्टी मला वॉर्डातून आधीच माहीत होत्या. पहिली, त्या प्रयोगात प्रार्थना करणारे लांबचे, अनोळखी. त्यांच्या हातात रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर, बस. माणूस कोण, घरी कोण आहे, काही ठाऊक नाही. म्हणजे तुम्हाला रविवारी दारात जे मिळतं, जवळजवळ तेच. दुसरी गोष्ट त्या 59 टक्क्यांची. अभ्यास करणाऱ्यांनीच एक अंदाज बोलून दाखवला होता, की ‘मी इतका गंभीर आहे का, की प्रार्थनावाले बोलवावे लागले?’ अशी धास्ती रुग्णांनी घेतली असेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मंडळीतली नऊ माणसं काखेत बायबल मारून खाटेभोवती गोल उभी राहिली आणि गंभीर चेहऱ्यानं गाणं सुरू केलं. आजोबांचा बीपी इतका चढला की दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन पुढं ढकललं. मला हळूच म्हणाले, “सिस्टर, खरं सांगा, किती दिवस राहिलेत?”

त्यामुळं प्रार्थना म्हणजे बटण, दाबलं की दिवा लागतो, असं मी कुणाला सांगत नाही. पौलानं आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली; काटा राहिला. वहीच्या चौथ्या रकान्यात ‘बरे झाले’ आहे, ‘नोकरी लागली’ आहे, ‘पोरगी घरी परत आली’ आहे. तिथंच ‘वारले’ आहे, पानापानांवर आहे. जे बरे झाले ते प्रार्थनेनं झाले असं मी मानते, आणि मानते म्हणजे तेवढंच, कुणाला सिद्ध करून दाखवायला जात नाही. जे वारले त्यांच्यासाठी कमी मागितलं होतं असं मात्र मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

मग फरक कशानं पडतो? एक माणूस सांगते. नाव सांगत नाही, गावही नाही.

2012-13 चा दुष्काळ. आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या ते साल. मंडळीतल्या एका भावाची अडीच एकर बाग होती, बारा वर्षांची झाडं. टँकर विकत घेऊन घातले, मग टँकरलाही पैसे उरले नाहीत. आम्ही पावसासाठी उपास-प्रार्थना केली. त्या उन्हाळ्यात बाग गेली. करवतीनं कापून सरपणाच्या भावानं विकली. चौथ्या रकान्यात मी लिहिलंय: ‘पाऊस नाही. बाग तोडली.’ पण चार पुरुष दर गुरुवारी रात्री त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. त्यात एक निवृत्त पोस्टमन, एक सुतार. कुणालाच सुंदर प्रार्थना यायची नाही. सुतार तर प्रत्येक गुरुवारी तेच म्हणायचा, “प्रभू, ह्याला सांभाळ. ह्याच्या बायकापोरांला सांभाळ. आमेन.” पाच वर्षांनी, पोराच्या लग्नात, तो भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, फवारणीची बाटली गोठ्यात ठेवली होती. रोज ठरवायचो. मग वाटायचं, परवा गुरुवार आहे, माणसं येतील, ती येऊन जाऊ दे. गुरुवार झाला की पुढचा गुरुवार.”

त्या रात्री मी घरी येऊन जुनी वही काढली आणि ‘पाऊस नाही’च्या पुढं एक ओळ वाढवली. काय वाढवली ते माझ्याकडे राहू दे.

ताई, हे वाचताना तुमच्या मनात किंवा घरच्यांच्या मनात तसलं काही येत असेल, तर गुरुवारची वाट बघू नका. 14416 हा टेली-मानसचा, मन खचलेल्यांशी बोलणारा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आणि जवळच्या एकाला आजच सांगा.

तर माझ्या अनुभवात एकमेकांसाठी केलेल्या प्रार्थनेची किंमत ही आहे: ती माणसाला नावानिशी धरून ठेवते, त्याला स्वतःला धरवत नाही त्या दिवसांत. निर्गमाच्या पुस्तकात लढाई चालू असताना मोशे हात वर धरून असतो; ते दुखायला लागले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्याखाली बसायला धोंडा ठेवला, मग दोन्ही बाजूंनी हात धरले. आधी बूड टेकायला जागा, मग प्रार्थना. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

तो क्रम मी शिकले किल्लारीत. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदं, ती सगळी झोपलेल्यांवर आली. सुमारे 10 हजार माणसं गेली. आमच्या दवाखान्याची टीम तिसऱ्या दिवशी पोचली. मी तेव्हा नवीन, उत्साही, तोंडपाठ वचनं पुष्कळ. एक बाई तंबूबाहेर बसली होती, दोन लेकरं गेली होती. मी तिच्यापुढं बसून देवाच्या योजनेबद्दल काहीतरी सुरू केलं. आमच्या वयस्कर सिस्टरनं माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. “गप,” म्हणाली. मग तिनं कुठून तरी फणी आणली, त्या बाईच्या मागं बसली आणि तिच्या केसांतली माती काढायला लागली. तासभर. मातीचे खडे, वाळलेलं रक्त, एक एक बट सोडवत. एक शब्द नाही. त्या बाई ख्रिस्ती नव्हत्या, तो विषयच नव्हता. रात्री आम्ही मुक्कामी आलो तेव्हा सिस्टरनं प्रार्थना केली; त्या बाईचं नाव घेतलं, दोन्ही लेकरांची नावं घेतली. तासाभरात तिनं नावं विचारून घेतली होती, मी विचारलीच नव्हती. बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस मुकाट्यानं जमिनीवर बसले होते तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

आता माझी चूक, जी चौथ्या रकान्याशी जोडलेली आहे. 2001 की 2002 असेल. एका बाईनं मला एकटीला सांगितलं, नवरा पितो आणि हात उचलतो, प्रार्थनेत ठेवा. मी वहीत लिहिलं आणि बुधवारच्या सभेत, वीस बायकांत, वाचून दाखवलं. नावासकट. मनात वाईट काही नव्हतं. पण रविवारपर्यंत ते नवऱ्याच्या कानावर गेलं. पुढं तिच्या घरी काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. दीड वर्ष ती चर्चला आली नाही. माझ्या वहीत तिच्यापुढं तारीख होती, नाव होतं, विनंती होती. तिचं पुढं काय झालं हे विचारायला जागाच आखलेली नव्हती. तेव्हापासून चौथा रकाना आला. आणि तेव्हापासून घरातल्या गोष्टींना वहीत नाव नसतं. ‘एक घर’ एवढंच. देवाला पत्त्याची गरज नसते.

आपल्या लोकांत हे फार चालतं, म्हणून स्पष्ट लिहिते. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचं असं असं झालंय म्हणे’, ही पुष्कळदा चहाडीच असते, शेवटी फक्त आमेन लावलेलं. मराठवाड्यात आपली वस्ती विखुरलेली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं तसं सगळं गाव आपलं असणं विरळाच. एरवी या गावात दोन घरं, त्या गावात चार. आणि सगळी एकमेकांची सोयरी. माजलगावात शिंकलं की परतूरला कळतं. म्हणून विनंती सांगताना हे बाहेर जायचं नाही असं तोंडानं सांगा, आणि ज्याच्या पोटात राहत नाही त्याला सांगूच नका, मग तो कितीही मोठ्यानं प्रार्थना करणारा असो.

व्हॉट्सॲपचंही तेच. ग्रुपवर विनंती टाकली की त्रेचाळीस जोडलेले हात येतात. मोजून त्रेचाळीस, मी एकदा मोजले. फोन किती आले? एक, आणि तोही जिओच्या रिचार्जसाठी. करोनात मात्र हाच फोन कामी आला, ते कबूल करायला हवं. 2021 च्या एप्रिलमध्ये कुणाला कुणाच्या दारात जाता येत नव्हतं, दफनाला चार-पाच माणसं. तेव्हा आम्ही रात्री नऊची वेळ धरली होती. वॉर्डातल्या माणसाला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा, दोन मिनिटं, नाव घेऊन, आणि ठेवून द्यायचा. ऑक्सिजनवरच्या माणसाला ‘आमेन’ म्हणायलाही दम लागतो, म्हणून उत्तराची अपेक्षा करायची नाही. यंत्र तेच. हात जोडलेलं चित्र पाठवणं वेगळं आणि ठरलेल्या वेळी नाव घेणं वेगळं.

आता तुमच्यापुरतं. इथं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे: सासरचे सगळे मंडळीत आहेत की अर्धे, पाळकसाहेब त्याच गावात राहतात की महिन्यातून एकदा येतात, मालकांना स्वतःला लोक आलेले आवडतात का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. डायलिसिसहून आलेला माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा असतो. त्या दिवशी कुणी यायचं नाही. यायचं तर आदल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, दहा मिनिटं.

सगळ्या मंडळीला सांगू नका, तीन माणसं निवडा. कशी निवडायची? ज्यांनी आजवर तुम्हाला ‘मग त्या दिवशी काय झालं?’ असं उलट विचारलंय, ती. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या पुढाऱ्यांना, बोलावून घ्यावं असं लिहिलंय. म्हणजे बोलावणं आजाऱ्यानं धाडायचं, लोकांना आपोआप कळेल म्हणून वाट बघायची नाही. आणि विनंती ‘सगळं ठीक होऊ द्या’ अशी नको. त्यांना नेमकं सांगा: मंगळवारी पहाटे अमुकची गाडी आहे, सुया टोचताना फार दुखतं, दोन डायलिसिसच्या मधे तहान आवरत नाही. आपल्याकडच्या उन्हात, पाणी मोजून पिणाऱ्या माणसाची तहान ही प्रार्थनेत घ्यायची गोष्ट आहे. ज्यानं हे नेमकं ऐकलं तो पुढच्या वेळी तुमच्या घरी येताना रसना घेऊन येणार नाही.

यावरून आठवलं: चहा. प्रार्थनेला आलेल्या माणसांसाठी दूध आणायला पोराला पळवावं लागलं तर ती भेट महागात पडते. शिवाय सगळे पितात म्हणून आजारीही पितो, आणि त्याच्या पाण्याचा हिशेब चुकतो. आमच्या मंडळात नियम आहे, आजाऱ्याच्या घरी चहा नाही. पहिले दोन महिने लोक रुसले, आता अंगवळणी पडलं.

आणि डोक्यावर, हातावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. मालकांच्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, केलेला असेल तर तो हात दाबायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही, त्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा बांधत नाहीत. हळूच तळवा टेकवला तर आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. एका आजींना मी तशी लावून दाखवली होती. त्या म्हणाल्या, “अगं, हे तर चालू आहे!” आणि त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली ती फक्त त्या थरथरीसाठी, ती चालू राहावी म्हणून. इतकी नेमकी प्रार्थना मी त्या आधी ऐकली नव्हती. थरथर रोज सकाळी बघायची असते. थांबलीशी वाटली तर प्रार्थना नंतर, आधी डायलिसिस सेंटरला फोन.

हेही सांगून टाकते. कुणी येऊन ‘विश्वासानं औषध सोडा, डायलिसिस सोडा’ म्हणालं तर त्याला दारातून परत पाठवा, तो कितीही मोठा सेवक असो. टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. एका सभेत ‘बरा झालास’ ऐकून तिसऱ्या महिन्यात सोडलेला पोरगा मी वॉर्डात पाहिलाय. परत आला तेव्हा साध्या गोळ्या त्याला लागू पडत नव्हत्या. ज्यांनी सोडायला सांगितलं होतं त्यांच्यापैकी कुणी बघायला आलं नाही.

तुमच्या तिघांपैकी एकाला कागदपत्रांचं काम द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. पुढं कधी धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथं गरिबांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलच्या रांगेत तुमच्याऐवजी उभं राहणं ही माळवद उकरण्यातलीच गोष्ट आहे. आमच्यातल्या एका भावाला मोठ्यानं प्रार्थना करायची लाज वाटते. तो हेच करतो, फाइल काखेत मारून.

शेजारची मावशी तिच्या देवाला नवस बोलली असेल तर वाईट वाटून घेऊ नका, वादही घालू नका. तिला तुमची काळजी आहे.

राहिली ती तुमची शेवटची ओळ. दोन महिने प्रार्थना येत नाही. नाही येत तर नाही येत. रोमकरांस पत्रात लिहिलंय की आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपली मध्यस्थी करतो. कण्हणं तुम्हाला येतं. डायलिसिसच्या चार तासांत बाहेरच्या बाकावर तुम्ही जे करता ते बहुतेक तेच असेल. त्या बाकावर बसून एक करून बघा, जमलं तर: शेजारी बसलेल्या बाईचं नाव विचारा. तिचाही माणूस आत आहे. स्वतःसाठी शब्द फुटत नाहीत, पण दुसऱ्याच्या नावानं कधी कधी फुटतात. माझा नवरा गेला तेव्हा माझं तसंच झालं होतं. चार महिने मी दुसऱ्यांच्याच विनंत्या वाचत होते वहीतून, आवाज काढून, एकटीच. पाचव्या महिन्यात कधीतरी माझी स्वतःची एक ओळ मधे आली.

तुमचे वार मी वहीत घेतलेत. नाव नाही. ‘केजकडचं एक घर, किडनी, मंगळ-शुक्र.’ शुक्रवारी आम्ही तिघी पहाटे सहाला बसतो. मशीन किती वाजता सुरू होतं ते कळवा, वेळ तशी धरू. आणि शनिवारी मी विचारणार आहे, काय झालं म्हणून. चौथा रकाना रिकामा आहे.